पाखरांच्या नावाची ताटं

मामाच्या रानातली पाखरं मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी मोजायची. सकाळी राखणीच्या माळ्यावर चढले की आधी विजेच्या तारेवर किती बसलीत ते बघायचं, मग बांधावरच्या बाभळीवर, मग शाळू ज्वारीच्या कणसांवर. एवढ्यात तारेवरची उडून कणसांवर आलेली असायची आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आकडा विसाच्या पुढे गेला की मी मोजणी सोडून हिशेबाला बसायची. एका चिमणीनं दिवसाला किती दाणे खाल्ले, तर सुगीपर्यंत किती भाकरी गेल्या, असा हिशेब मी मनात मांडत बसे. शाळेत गणितात माझे कधी बरे गुण पडले नाहीत, पण ह्या गणितात मी तरबेज होते. आजही मिरजेच्या घरात पाहुणे यायचे म्हटलं की मी चार माणसांना नऊ माणसांचा भात लावते, आणि सून हसत हसत उरलेला फ्रीजमध्ये ढकलते. तिला वाटतं ही माझी हौस आहे.

आमचं गाव रहिमतपूरच्या बाजूचं, पाण्याचा भाग. वडील फौजेत. त्या वर्षी थंडीच्या तोंडाला तार आली की ते जखमी झालेत आणि त्यांना पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आणलंय. आई हातातलं पीठ तसंच ठेवून निघाली. आम्हा दोघी बहिणींना, म्हणजे अकरा वर्षांची मी आणि चार वर्षांची बेबी, आटपाडीकडच्या मामाकडे ठेवायचं ठरलं. पोचवायला आत्या आली. आत्या वडिलांची थोरली बहीण, सांगलीची, इस्त्रीची साडी नेसणारी, मूलबाळ नसलेली. एसटीतून उतरल्यापासून ती बघत होती: उघडेबोडके माळ, मामाचं धाब्याचं बुटकं घर, आणि रात्रीच्या जेवणाला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. बेबी ते आवडीनं प्यायली, पण आत्याला ते गळ्याखाली जाईना. सकाळी निघताना माझ्यासमोरच ती मामाला म्हणाली, "तुमच्या मनात काही कमी नाही, पण जमीन कोरडी आहे. सुगी झाली की मी येते. कणगीत चौघांचं वर्षाचं धान्य दिसलं तर दोघी राहू देत इथंच. नाहीतर धाकटीला मी सांगलीला नेणार. तिला तिथं काही कमी पडायचं नाही."

मामा म्हणाला, "बरं."

तो एवढंच म्हणाला, ह्याचा मला फार राग आला. बेबी माझ्या कुशीत झोपायची. वडील नव्हते, आई नव्हती, आता हीसुद्धा जाणार, आणि हा माणूस "बरं" म्हणतो. त्या दिवसापासून माझ्या मनात धान्य आणि बेबी ह्या दोन गोष्टी एकच होऊन बसल्या. पाखरू कणसावर बसलं की ते बेबीच्या ताटात चोच घालतंय असंच मला दिसायचं.

मामा कमी बोलायचा. मामीचं तसं नव्हतं. तिच्या लग्नाला दोनच वर्षं झालेली, वय वीस-बावीस असेल, आणि तोंडाचा पट्टा पहाटे चूल पेटल्यापासून चालू. भाकरी थापताना तिच्या बांगड्या आणि तिचं बोलणं ह्यांची एक लय लागायची. "आगं इमल, वैरण टाकलीस का? शेळी वरडतीया. आन् त्या बेबीच्या नाकाला काय लागलंय बघ." माझं नाव विमल, पण आई न्यायला येईपर्यंत सहा महिने मी त्या गावात इमल होते. शाळू मागच्या सालचा संपत आलेला, म्हणून भाकरी पातळ व्हायची, पण मामी ती एवढी मोठी थापायची की ताटाबाहेर यायची. सोबत हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी, लसूण घालून. ती भाजी मी नंतर पुष्कळ ठिकाणी खाल्ली, पण तिची आंबूस चव मामीच्या चुलीवरच राहिली. मी त्यातली अर्धी भाकरी खायची आणि अर्धी ओच्यात लपवून धान्याच्या पोत्यामागे एका डब्यात ठेवायची. बेबीला सांगलीत नेऊ नये म्हणून. वाळलेल्या भाकरीच्या तुकड्यांनी आत्याचं मन कसं वळणार होतं, ह्याचा विचार मी केला नव्हता.

मामाच्या रानाचे दोन तुकडे होते. एकात शाळू, दुसऱ्यात हरभरा, मध्ये नुसता बांध. शाळू हुरड्यात आला तसा मामानं चार मेढी रोवून राखणीचा माळा बांधला आणि माझ्या हातात गोफण दिली. शाळेच्या आधी सकाळी आणि शाळा सुटल्यावर दिवस मावळेपर्यंत मी माळ्यावर. गोफण आठ दिवसांत जमली. "हाऽऽ हुर्रर्र" ओरडून घसा बसला, तर पत्र्याचा डबा बडवायचा. शेजारच्या रानातली राखणदार मुलं मधूनच हुरडा भाजायला उतरायची. मी उतरत नसे. मामी माझं कौतुक करायची, "पोरगी पाकरू टेकू देत न्हाई," आणि मला ते ऐकून बरं वाटायचं.

मात्र एका गोष्टीनं माझा जीव खालीवर व्हायचा. हरभरा पेरताना मामा बियाण्यात मूठभर शाळू मिसळायचा. त्यामुळे गुडघ्याएवढ्या हरभऱ्यात पाच-सहा पावलांवर शाळूचं एकेक उंच ताट उभं राहायचं, डोक्यावर कणीस घेऊन. त्यांना तो पाखरांच्या नावाची ताटं म्हणायचा. त्या कणसांना माणसानं हात लावायचा नाही, हुरड्यालासुद्धा नाही, आणि त्यावर बसलेल्या पाखरावर गोफण फिरवायची नाही. मी एकदा विचारलं, "मामा, ही कशाला सोडायची? एवढी कणसं वाया."

"माझा बा सोडायचा, म्या सोडतो," मामा म्हणाला. "देणारा त्यो हाय. आपुन नुसतं राखणीला."

मला ते पटलं नाही. देणारा एवढा होता तर माझे वडील दवाखान्यात का, आणि आईचं पत्र पंधरा दिवस का नाही, हे मला त्याला विचारायचं होतं. विचारलं नाही. पण त्या ताटांवर बसलेली पाखरं सारखी खाली हरभऱ्यात झेप घ्यायची आणि पुन्हा वर येऊन बसायची, हे मी माळ्यावरून रोज बघत होते. काळे कोतवाल होते, साळुंक्या होत्या. माझी खात्री पटली की ही पाखरं आमचा हरभरा खातायत, आणि मामानं त्यांना बसायला पाट मांडून ठेवलाय.

एका बाजाराच्या दिवशी मामा-मामी दोघं आटपाडीला गेले. मी विळा घेतला आणि हरभऱ्यातलं एकेक ताट बुडातून कापलं. सगळी. बेबी मागून कणसं गोळा करत होती, तिला तो खेळ वाटला. हुरड्यातली ओली कणसं अंगणात चोळली, पाखडली, तर जेमतेम पायलीभर हिरवे दाणे निघाले. ते मी कणगीत ओतले आणि कितीतरी दिवसांनी माझ्या छातीवरचं ओझं हललं. संध्याकाळी मामा रानातून फिरून आला, पाय धुतले, ओट्यावर बसला.

"इमल, ताटं कुणी कापली गं?"

"मी."

"का?"

"त्यांच्यावर बसून पाखरं हरभरा खात्यात." त्याच्याशी बोलताना मी नकळत त्याच्यासारखं बोलायला लागले होते.

मामानं तंबाखू मळायला घेतली आणि तशीच तळहातावर ठेवून दिली. मामी आतून म्हणाली, "आवं, पोरीला काय बोलू नगा. येवडी राखण करती बिचारी. आन् खरं सांगू का, मला बी ती ताटं उगं वाटायची." मामा मग म्हणाला, "बरं." मला शिवी चालली असती. त्या "बरं"नं रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

पुढचे दहा-बारा दिवस हरभऱ्यात एक पाखरू उतरलं नाही. घाटे धरले, भरायला लागले. मी खुश होते. मग एक दिवस बेबी मुठीत काहीतरी घेऊन माळ्याखाली आली. "ताई, ह्या घाट्याला खिडकी हाय." घाट्याला वाटोळं, स्वच्छ भोक होतं. आत दाणा नव्हता. मी खाली उतरून बघितलं तर शेजारच्या झाडाच्या एका घाट्यात हिरवी अळी निम्मी आत, निम्मी बाहेर, निवांत खात होती. दुसऱ्या झाडावर दोन, तिसऱ्यावर चार. मी मामाला हाका मारत सुटले.

त्या दिवसापासून आम्ही तिघं उजाडायच्या आत हरभऱ्यात. मामीचं जुनं लुगडं झाडांखाली पसरायचं, झाड हलवायचं, पडलेल्या अळ्या डब्यात गोळा करून कोंबड्यांना घालायच्या. हरभऱ्यावरच्या आंबट दहिवरानं बोटांच्या चिरा झोंबायच्या. संध्याकाळी मोकळं केलेलं झाड सकाळी पुन्हा भरलेलं. फवारणीचा पंप गावात एकच, आणि त्याच्यासाठी आमच्या पुढे निम्मं गाव. शेजारच्या शेतांत अळी होती, पण आमच्याइतकी नव्हती. तिथं ताटं उभी होती, त्यांवर कोतवाल बसलेले होते, आणि ते खाली झेप घेऊन चोचीत काय घेऊन वर येत होते, ते आता मला लांबूनही दिसलं. हिरवं, वळवळणारं. मी मामाकडे गेले.

"मामा, ती अळ्या खायची," मी म्हणाले.

"व्हय," मामा म्हणाला.

"मग तुमी मला सांगितलं का न्हाई?"

मामानं शेजारच्या रानाकडे बघितलं. "मला तरी कुठं ठावं हुतं? बा सोडायचा म्हणून सोडायचो. त्येच्या बी बानं त्येला काय सांगितलं नसंल. आज तुज्यामुळं कळलं."

तो खोटं बोलत नव्हता. पण त्यानं मला माफ केलंय, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. बेबी जाणार, आणि माझ्या विळ्यानं जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी त्या दिवसांत बेबीला एकटी सोडायची नाही. ती झोपली की तिच्या परकराचं टोक मुठीत धरून ठेवायची.

मामानं बाभळीच्या वाळक्या फांद्या आणल्या आणि जिथं जिथं ताटं होती तिथं रोवल्या. मग माळ्यावर येऊन माझ्या हातातली गोफण काढून घेतली. "आता आरडायचं न्हाई. डबा वाजवायचा न्हाई. शाळूत बसली तरी बसू दे. नुसतं बसायचं."

मामी खालून कडाडली. "आवं, येड लागलं का तुमास्नी? शाळू हुरड्यात हाय. भोरड्यांचा थवा आला तर कणसाचं नुसतं रिकामं पिशं ऱ्हाईल. हरभरा गेलाच हाय, आता शाळू बी घालवता का? सांगलीच्या अक्का येनार हायत बघायला."

"पाकरास्नी हितनं हाकललंय. ती कशी येतील, वरडा चालू ऱ्हायल्यावर? शाळूतनं हाकलायचं आन् हरभऱ्यात या म्हणायचं, त्येस्नी कसं कळावं?" मामा एका दमात एवढं बोललेला मी तेव्हाच ऐकला.

राखण करणं सोपं होतं. हात चालू असले की भीती जरा मागे राहते. रिकाम्या हातांनी माळ्यावर बसणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम होतं, आणि त्यानंतर मी तीन बाळंतपणं काढलीत. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक कोतवाल फांदीवर येऊन बसला, माझ्याकडे बघितलं आणि गेला. मी त्याला मनातल्या मनात किती विनवलं ते सांगता येत नाही. अकरा वर्षांत मी देवाला हात जोडले होते ते आईनं सांगितलं म्हणून. त्या माळ्यावर पहिल्यांदा मी आपणहून जोडले. काय मागायचं तेही नीट कळेना. पाखरं येऊ देत म्हणावं तर शाळूची भीती, आणि येऊ नकोत म्हणावं तर हरभरा चालला. शेवटी म्हटलं, तुला काय करायचं ते कर, पण बेबी राहू दे.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चढत होते तोच पूर्वेकडून भोरड्या आल्या. ज्यांनी त्या बघितल्या नाहीत त्यांना काय सांगू. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि हजारांनी. आभाळात एक काळसर चादर झटकावी तसा थवा वळला आणि सरळ आमच्या शाळूवर बसला. कणसं वाकली. दाणे फुटण्याचा आवाज येत होता, किंवा मला तसं वाटत होतं. मी खाली मामाकडे बघितलं. तो बांधावर हात मागे बांधून उभा होता, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तोही घाबरला होता. हे मला तोवर सुचलंच नव्हतं, की मामाही घाबरत असेल. मामी धावत घराकडून आली, ओरडायला तोंड उघडलं, आणि मामाकडे बघून पदर तोंडात धरला. आम्ही तिघं तशीच उभी राहिलो आणि ती खात राहिली.

मग थव्याचा एक काठ सुटला आणि बांध ओलांडून हरभऱ्यात उतरला. त्याच्या मागून दुसरा. फांद्या दिसेनाशा झाल्या, जमीन हलायला लागली. दिवस मावळेपर्यंत त्या हरभऱ्यात होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. चौथ्या दिवशी लुगडं पसरून झाड हलवलं, तर खाली एक अळी पडली. मामीनं ती चिमटीत धरून सगळ्या बाजूंनी बघितली.

इथं मी थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण भोरड्यांनी आमचा शाळूही खाल्ला, खोटं कशाला सांगू. आणि हरभरा त्या येण्याआधीच निम्मा गेला होता. आता मामाचा नातू मोबाईलवर आलेला निरोप वाचून हरभऱ्यात पक्षीथांब्यांच्या काठ्या लावतो आणि मला फोटो पाठवतो. त्याला हे तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यानं शोधलंय असं वाटतं. मी त्याला "छान" म्हणून कळवते.

मळणी झाली आणि आत्या आली. मला वाटलं होतं ती बसेल, चहा घेईल, पण तिनं चपला काढल्या आणि सरळ कणगीपाशी गेली. वाकून हात आत घातला. कोपर आत गेलं, दंड गेला, मग तिची बोटं दाण्याला लागली. हात काढून तिनं पदरानं पुसला. रागावली नव्हती ती. "दादा, हे दिवाळीपर्यंतसुद्धा जायचं नाही," ती मामाला म्हणाली. "बेबीचे कपडे बांधा."

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते महिनाभर घोकून ठेवलेलं. "आत्या, ताटं मी कापली. हरभरा माझ्यामुळं गेला. मला न्या. मी जास्त खाते, बेबी थोडंच खाते." एवढं बोलून मला रडू फुटलं, आणि मला रडताना बघून बेबीनंही भोकाड पसरलं.

मामाचे ओठ हलत होते, पण त्यानं शब्द दिलेला होता. बोलली मामी. ती चुलीपुढे बसली होती, तिथून उठलीही नाही.

"अक्का, बेबीची आजची भाकरी म्या थापलीया. ही बघा तव्यात हाय. उद्याची बी म्याच थापनार. परवाचं तुमी मला इचारू नगा, मला ठावं न्हाई. तुमच्या कणगीत असंल तुमचं परवा, आमच्यात न्हाई. त्या भोरड्या येवड्या लांबनं आल्या, त्या काय आमची कणगी बघून निघाल्या व्हय? खाल्लं आन् आमचं बी ऱ्हाऊ दिलं. ह्या तर आमच्या पोरी हायत." मग तिनं भाकरी उलटली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हात धुवा सगळ्यांनी."

आत्या कणगीपासून मागे सरली. मग तिनं हात धुतले.

मी त्या दिवशी देवावर विश्वास ठेवायला शिकले असं म्हटलं तर ते पूर्ण खरं नाही. मी मामीवर ठेवायला शिकले. देव तिच्या पाठोपाठ आला, हळूहळू, आणि अजूनही कधीकधी माझ्या दाराशी थांबलेला असतो, कारण मी काळजी करण्यात गुंतलेली असते. पण तेव्हा एवढं कळलं, की जो माणूस उद्याचं तोंड न बघता आजची भाकरी दुसऱ्याच्या ताटात वाढतो, त्याला कुणीतरी भरोसा दिलेला असतो. तो मामीला त्या पाखरांकडून मिळाला. तिच्यादेखत शाळू जात होता आणि तिनं पदर तोंडात धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला एसटीच्या फाट्यावर सोडायला गेले. बेबी मामीजवळ राहिली होती. गाडीला वेळ होता. आत्यानं पिशवीतून एक फ्रॉक काढला, पिवळा, बाहीला झालर लावलेला. तिनं स्वतः शिवलेला. "बेबीला प्रवासात घालायला केला होता," ती म्हणाली. "तिच्याच मापाचा आहे. घेऊन जा. माझ्याकडे आता कुणाच्या अंगाला होणार." फ्रॉकची घडी तिनं मांडीवर दोनदा मोडली, दोनदा घातली. सगळ्या हिवाळ्यात मी आत्याचा विचार एकाच अंगानं केला होता: ती नेणार. ती सांगलीच्या रिकाम्या घरात संध्याकाळी दिवा लावून हा फ्रॉक शिवत बसली असेल, हे त्या फाट्यावर प्रथमच माझ्या मनात आलं.

गाडी आली. आत्या चढायला लागली. मी तिची पिशवी वर दिली आणि म्हणाले, "आत्या, सुट्टी लागली की मी बेबीला घेऊन येते. महिनाभर राहू आम्ही."

आत्यानं पायरीवर थांबून मागे बघितलं. कंडक्टर ओरडला, तरी ती हलेना.

"खरंच येशील?" ती म्हणाली. "घेऊन येशील तिला?"

"येईन," मी म्हणाले, आणि मे महिन्यात बेबीला घेऊन गेले.